हिमालयात ट्रेकला जाताय? मग आधी गाव ठरवा

एप्रिल लागला की सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपात एकच विषय, औंदा हिमालयात कुठं जायचं. कुणी केदारकंठा म्हणतं, कुणी स्पिती, कुणी नेपाळातला अन्नपूर्णा बेस कॅम्प, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच, कंपनी कुठली स्वस्त पडंल. मला कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो की मुक्काम कुणाच्या गावात आहे? ‘ते कंपनी बघंल की’ असं उत्तर आलं की मला काळजी वाटते, कारण सगळी गडबड तिथंच सुरू होते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण ट्रेक ठरवायच्या आधी एकदा वाचा.

जुलैतल्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला तुमच्यातले बरेच जण जाऊन आले असतील. मसाई पठारावरचं धुकं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि रात्री वाडीतल्या एखाद्या घरात नाहीतर शाळेत मुक्काम. एका वर्षी आम्ही आठजण वाटेवरच्या एका वाडीत थांबलो होतो. घरातल्या काकूंनी आमचे ओले सॉक्स चुलीवरच्या दोरीला वाळत घातले, स्वतःची पोरं आतल्या खोलीत एका घोंगड्यात झोपवली, आणि पहाटे चारला उठून आठ माणसांच्या भाकरी थापल्या. उजाडल्यावर बघतोय तर घरामागच्या भाताच्या तरव्यात बिस्किटाचे पुडे, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याच्या बाटल्या, आमच्या पुढं गेलेल्या लोकांनी टाकलेलं सगळं. काकू वाकून वेचत होत्या आणि पाटीत टाकत होत्या, तेही ऐन रोपलावणीच्या दिवसात जेव्हा बाईला पाणी प्यायलासुद्धा वेळ नसतो. आम्ही पण वेचू लागलो, पण ते चित्र डोक्यातनं काय जात नाही.

हिमालयातलं गाव म्हणजे हीच वाडी, फक्त तिथं सगळंच कमी. माती कमी, पाणी कमी, लाकूड तर हिमाचलमधल्या स्पितीसारख्या भागात जवळजवळ नाहीच, आणि शेतीला वर्षातले चार-पाच महिने मिळतात, त्याच महिन्यांत आपण जाऊन धडकतो. म्हणजे जव आणि मटार सांभाळायचे दिवस आणि पाहुण्यांचे दिवस एकच. आपल्या जाण्यानं त्या घराला चार पैसे मिळाले पायजेत आणि त्यांच्या पाण्यात, शेतात, चुलीत आपण कमीत कमी हात घातला पायजे, एवढं पक्कं ठरवलं की पुढच्या गोष्टी सोप्या होतात.

आधी पैसा आणि ओझं

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यात स्वस्त पॅकेज बघून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या, मग बर्फ. आमच्या तिघांच्या सॅक एकत्र बांधून एक पोरगा वाहत होता, असंल एकोणीस-वीस वर्षांचा, अंगात एक पातळ स्वेटर आणि पायात रबरी बूट, उजव्या बुटाची टाच फाटलेली, त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबली होती. रात्री आम्ही स्लीपिंग बॅगमध्ये आणि तो किचन टेंटमध्ये भांड्यांशेजारी ताडपत्रीवर. सकाळी त्याला ताप. मी ट्रेक लीडरला विचारलं तर म्हणाला, ‘त्यांना सवय असते.’ हे वाक्य मला अजून टोचतं. थंडी सवय बघून वाजत नाही आणि हमालांतले कितीतरी जण खालच्या खोऱ्यातनं आलेले असतात, उंचीचा त्रास त्यांनाही आपल्याएवढाच होतो. त्या पोराच्या पाठीवर माझी पण सॅक होती, आणि तिच्यात न घातलेले तीन जोड कपडे होते.

ओझ्याचा अंदाज यायला आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा मोठा रवा आठवा, जुन्या मापाचा, ३० किलोचा. नेपाळात ट्रेकिंगच्या हमालासाठी साधारण ३० किलो ही वरची मर्यादा धरतात, आफ्रिकेत किलिमांजारोवर २०. म्हणजे नियम पाळला तरी एक अख्खा रवा पाठीवर घेऊन माणूस चार हजार मीटरवर चढतोय, आणि त्यात त्याचं स्वतःचं अंथरूण-पांघरूणसुद्धा धरायचं असतं. म्हणून आपली सॅक आपणच उचलायची तयारी ठेवा, आणि द्यायचीच असंल तर घरी काट्यावर वजन करून द्या. माणशी ८-९ किलोच्या वर काय लागत नाही, खरंच.

बुकिंग करायच्या आधी फोन करा, मेसेजवर भागवू नका, कारण फोनवर माणूस अडखळला की लगेच कळतं. गाईड कुठल्या गावचा आहे, त्याचं नाव काय, त्याला आणि हमालाला दिवसाचे किती देता, त्यांचा विमा काढलाय का, त्यांना जॅकेट-बूट-तंबू कोण देतं, मुक्काम घरात की तंबूत, तंबू कुणाच्या जमिनीवर आणि त्या गावाला त्याचं काय मिळतं, हमाल आजारी पडला तर त्याला एकटा खाली पाठवणार की सोबत माणूस देणार, कचरा कुठपर्यंत खाली आणता. हे सगळं विचारायला दहा मिनिटं लागतात. चांगली माणसं खुश होऊन सांगतात, बाकीचे ‘सर तुम्ही टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, तिथं फोन ठेवायचा.

उत्तराखंडात जाणार असाल तर अजून एक विचारा. २०१८ मध्ये नैनिताल हायकोर्टानं बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि दिवसाला २०० माणसांची मर्यादा घातली. आली-बेदनी-बगजी बुग्यालांची पार वाट लागली होती म्हणून तिथल्याच लोकांनी केस केली होती. त्यामुळं कुणी बुग्यालावर टेंट टाकून चांदण्या दाखवतो म्हणून पैसे मागत असंल तर परवानगीचं विचारा. आपलं मसाई पठार डोळ्यासमोर आणा, त्यावर सलग दोन महिने रोज दोनशे टेंट लागले तर गवत उगवंल का?

गावातलं घर कसं शोधायचं

यात मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथं लोकांना वाटतं होमस्टे म्हणजे स्वस्त हॉटेल. तसं नाही ते. चांगल्या गावात होमस्टे गावानं मिळून ठरवलेला असतो. स्पितीत डेमुल नावाचं गाव आहे, ४३०० मीटरच्या आसपास, तिथं पाहुणे पाळीपाळीनं घराघरात जातात, म्हणजे रस्त्याकडच्या एकाच घराचं भलं होत नाही. लडाखमध्ये रुंबकसारख्या गावांत होमस्टे सुरू व्हायला हिमबिबट्या कारण झाला. बिबट्या गोठ्यात शिरून मेंढरं मारायचा, लोक चिडून त्याला मारायचे, मग पाहुण्यांचे पैसे घरात यायला लागल्यावर तोच बिबट्या जिवंत असण्यात फायदा दिसू लागला. आपल्याकडं दाजीपूर-राधानगरीच्या गव्यांनी शेत तुडवलं की शेतकरी किती हताश होतो ते आपण बघतोच, त्यामुळं हे गणित आपल्याला पटकन कळंल.

कुमाऊँमध्ये मुन्सियारीजवळ सरमोली आहे, तिथं बायकांनी मिळून होमस्टे उभे केलेत, आणि २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन खात्यानं देशातलं सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव म्हणून सरमोली निवडलं. गावाची स्वतःची वन पंचायत आहे, म्हणजे जंगल गावानंच सांभाळायचं, कुमाऊँत ही वन पंचायतीची पद्धत १९३१ पासूनची. पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांना, घरातल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना मी तर सरमोलीच सांगतो. उंची २२०० मीटरच्या आसपास, समोर पंचाचूलीची शिखरं, आणि आसपास चालायला भरपूर.

बाकी सिक्कीममध्ये युकसोम आहे. तिथल्या लोकांनी १९९६ मध्ये कांचनजंगा कन्झर्वेशन कमिटी काढली, झोंग्रीच्या ट्रेकच्या वाटेवर लाकूड जाळणं बंद करण्यात आणि कचरा खाली आणण्यात त्यांचा मोठा हात आहे. सिक्कीममध्ये जाताना लक्षात ठेवा, जानेवारी २०२२ पासून तिथं पॅकबंद पाण्याच्या बाटलीवर बंदी आहे, आपली बाटली आपण न्यायची. नेपाळात एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड घ्यायचा नियम झालाय, त्याच्याकडं कटकट म्हणून बघू नका, गावचा गाईड असला की वाट पण कळते आणि माणसं पण.

घर ठरलं की थेट पैसे द्या, रोख न्या, सुट्टे न्या, कारण वरच्या गावात एटीएम नसतं आणि नेटवर्क गेलं की फोनवरनं पैसे जात नाहीत. आणि घासाघीस करू नका. मंगळवार पेठेतल्या भाजीवालीशी दोन रुपयांवरनं हुज्जत घालायची आपल्याला सवय असते, तिकडं मात्र प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक साखरेचं पोतं कुठनं आलंय बघा आणि मग दर जास्त वाटतो का ते ठरवा.

उंची

कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. पन्हाळा हजाराच्या आत. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. आणि आपण थेट स्पितीतल्या काझाला जाऊन म्हणतो की डोकं दुखतंय. २५०० मीटरच्या वर कुणालाही त्रास होऊ शकतो, त्याचा ताकदीशी संबंध नाही, तालमीतला गडी पण झोपतो. ३००० च्या पुढं रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. स्पितीला जाताना मनालीहून कुंझुम खिंड (४५५१ मीटर) ओलांडून एका दिवसात काझा गाठणं बरेच जण करतात आणि मग रात्रभर ओकत बसतात. त्यापेक्षा शिमल्याहून किन्नौरमार्गे हळूहळू चढा, कल्पा, नाको, ताबो. ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, तिथं एक दिवस थांबलात तरी वाया जाणार नाही.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत असंल तर आहे तिथंच थांबायचं, वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असंल, खोकला वाढून गुलाबी फेस येत असंल, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला, बरळायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्री का असंना, खाली उतरवा. एका सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालायला सांगा, जमलं नाही तर समजायचं, उतरवायचीच वेळ आली. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, किती घ्यायची हे इथनं निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असंल तर नक्की सांगा. आणि हे सगळं हमालाच्या बाबतीत पण बघा, तो लाजून सांगत नाही, त्याला रोज सकाळी ‘रात्री झोप लागली का’ एवढं तरी विचारा.

घरात गेल्यावर

स्पितीतल्या लांग्झा गावात (४४०० मीटरच्या आसपास) मुक्कामाच्या घरी पहिल्या संध्याकाळी आमानं मला संडास दाखवला. आई वयाच्या बाईला तिकडं आमा म्हणतात. वरच्या मजल्यावर छोटी खोली, मातीची जमीन, मधी एक चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि त्यात रोवलेलं फावडं. आमानं फावडं उचलून एकदा माती भोकात टाकून दाखवली, मग माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडं बोट केलं आणि मान हलवली. पाणी नको. खाली एक बंद खोली असते, वर्षभर तिथं माती-राख मिसळून खत तयार होतं आणि वसंतात तेच जवाच्या शेतात जातं. म्हणजे त्या भोकात आपण वेट वाइप, पॅड, सिगारेटचं थोटूक टाकलं की ते थेट त्यांच्या शेतात निघतं. हे कळल्यावर मला तरव्यातले बिस्किटाचे पुडे आठवले. म्हणून एक जाड झिपची पिशवी वेगळी न्या, पॅड, वाइप, औषधाची पाकिटं सगळं त्यात, आणि ती पिशवी काझात पण सोडू नका, तिथनं पुढं कचरा न्यायची सोय फार तोकडी असते. थेट चंदीगडला नाहीतर दिल्लीला आणा. मी तर कोल्हापूरपर्यंत आणतो, वजन असतंच किती.

आंघोळीचा हट्ट सोडा. एक बादली पाणी तापवायला किती शेणी जातात ते चुलीपाशी बसून बघा, त्या शेणी त्यांनी हिवाळ्यासाठी रचून ठेवलेल्या असतात आणि हिवाळ्यात तिथं उणे २५ पर्यंत जातं. जेवणाचंही तेच. एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही, त्यामुळं घरात जे होईल ते सगळ्यांनी खा, एकाला मॅगी एकाला पराठा असं करू नका. थुक्पा, मोमो, जवाची रोटी, लोणी-मिठाचा चहा. चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तिसऱ्या दिवशी आपण स्वतःहून मागतो. इथनं शेंगदाण्याची चटणी, खर्डा, कांदा-लसूण मसाला न्या जरूर, पण ताटात एकट्यानं खाऊ नका, मधी ठेवा. मी खर्डा ठेवला तर घरातले आजोबा रोटीला लावून दोनदा घेऊन खाल्ले, डोळ्यात पाणी आलं तरी हात काय थांबला नाही त्यांचा.

द्यायला काय न्यायचं असंल तर आपला गूळ न्या, एक किलोचा रवा, कागदात गुंडाळून. पोरांना रस्त्यात चॉकलेट, पेन, पैसे वाटू नका, मग पोरं प्रत्येक गाडीमागं पळायला लागतात आणि रॅपर ओढ्यात जातात. शाळेला काय द्यायचं असंल तर मास्तरांना विचारून द्या. लांग्झात पोरं शंखासारखे दगड विकायला येतील, ते जीवाश्म आहेत, हिमालय वर यायच्या आधी तिथं टेथिस समुद्र होता त्यातले. हातात घ्या, बघा, पोराशी बोला, पण विकत घेऊ नका आणि खिशात तर मुळीच घालू नका.

देव

हे छोटं आहे पण महत्त्वाचं. आपल्या गावच्या देवराईतनं वाळकी काटकीसुद्धा आणत नाहीत ना, तसंच आहे. कांचनजंगा सिक्कीमच्या लोकांचा देव आहे. १९५५ मध्ये जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक पहिल्यांदा वर पोचले तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणं शेवटची काही फूट सोडून मागं फिरले, आणि आता सिक्कीमच्या बाजूनं त्या शिखरावर चढायला बंदीच आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर छोमरोंगच्या पुढं मांस न्यायचं नाही असा तिथल्या लोकांचा जुना रिवाज आहे. तांबडा-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला चार दिवस डाळभात अवघड जातो, तरी पाळायचा. मठात टोपी काढा, मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, आली की ती उजव्या हाताला ठेवून चाला, आणि कुणाचाही फोटो काढायच्या आधी मोबाईल खाली ठेवून विचारा. ‘जुले’ हा एक शब्द पाठ करा, लडाख-स्पितीत नमस्कार, धन्यवाद, निरोप सगळं त्यातच येतं.

तयारी इथंच

तीन महिने आधी सुरू करा. आठवड्यातनं तीन-चार दिवस तासभर चालणं, रविवारी जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळा पाठीवर ८ किलो घेऊन, आणि निघायच्या महिनाभर आधी एकदा तरी सलग दोन दिवस चाला. बूट नवे घेतलेत तर ते इथंच मळवा. ग्रुप सहा-आठच्या वर नको, गावात चार घरं रिकामी असतात आणि तुम्ही वीस जण गेलात की कुणाला तरी स्वतःची जागा सोडून अडचणीत झोपायला लागतं, पावनखिंडीच्या वाटेवरच्या त्या पोरांसारखं. ट्रेकच्या विम्यात किती उंचीपर्यंत आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का ते वाचून घ्या. जायला आपल्या स्टेशनावरनं आठवड्यातनं एकदा दिल्लीच्या निजामुद्दीनची गाडी आहे, नाहीतर मिरजेहून गोवा एक्सप्रेस. गाडीनं गेलात तर दीड-दोन दिवस जातात, पण मी म्हणेन रजा वाढवून घ्या, घाई केली की त्याची सगळी कसर उंचीवर निघते.

आल्यावर एक काम राहतं. तिथं प्रत्येक जण आमाचे, पोरांचे, आजोबांचे फोटो काढतो, ‘पाठवतो हां’ म्हणतो आणि पाठवत नाही. मला आमानंच सांगितलं, किती जणांनी काढले, एक पण आला नाही. मी राजारामपुरीत स्टुडिओत नऊ फोटो धुऊन घेतले, मागं पेननं तारीख लिहिली, दोन पुठ्ठ्यांच्या मधी घालून पोस्टानं पाठवले. लांग्झाच्या जवळच हिक्किमला पोस्ट ऑफिस आहे, १९८३ पासूनचं, जगातल्या सगळ्यात उंचावरच्या पोस्टांत ते धरतात. निघतानाच घरमालकाचं पूर्ण नाव, गाव, पोस्ट आणि पिनकोड वहीत त्यांच्याच हातनं लिहून घ्या, जिल्हा लाहौल-स्पिती. पोचायला वेळ लागतो. मला दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, काझाला बाजाराला आला होता म्हणून नेटवर्क मिळालं, म्हणाला आजोबांनी स्वतःचा फोटो बुखारीच्या, म्हणजे घर ऊबदार ठेवायच्या शेगडीच्या, वर भिंतीला लावलाय, आणि तो तिखट हिरवा खर्डा परत कधी आणताय विचारतायत.